निळ्या पानाचे सत्य

भरतकामात कल्पित वन भरायला घेतले की पहिल्याच पानाशी एक तात्त्विक प्रश्न उभा राहतो. पान हिरवे भरले तर ते कुठल्यातरी पाहिलेल्या झाडाचे ठरते. निळे, जांभळे किंवा गेरूच्या रंगाचे भरले तर त्याचे मूळ जगात कुठेच सापडत नाही. मग ते पान खोटे म्हणायचे काय? आणि खोटेच असेल तर निळ्याऐवजी जांभळी लडी उचलली म्हणून काय बिघडले? जाणती भरतकाम करणारी स्त्री असे कधीच मानत नाही. कल्पित वनातही अमुक रंग बरोबर बसतो आणि अमुक चुकतो, अमुक टाका पानाला शोभतो आणि अमुक शोभत नाही, हे तिला पक्के ठाऊक असते. ज्या वस्तूला मूळच नाही तिच्या बाबतीत बरोबर आणि चूक कशावरून ठरते? भारतीय तर्कशास्त्र, रसविचार आणि वेदान्त या तिघांनीही हा प्रश्न वेगवेगळ्या निमित्ताने हाताळला आहे, आणि रंगीत पट किंवा चित्र हे उदाहरण त्या चर्चांत पुन्हा पुन्हा येते.

शास्त्रांत असत् वस्तूंची ठरावीक उदाहरणे येतात: आकाशपुष्प, सशाचे शिंग, वांझेचा पुत्र. नैयायिकांचे म्हणणे असे, की यांतला एकेक घटक खरा आहे. आकाश आहे, फूलही आहे. नाही तो दोघांचा संबंध. भ्रमाचा उलगडाही ते याच वाटेने करतात. शिंपल्याच्या जागी चांदी दिसते तेव्हा चांदी जगात कुठेतरी असतेच, फक्त त्या जागी नसते. हे निळ्या पानाला लावले तर निळा रंग खरा, पान खरे आणि दोघांची सांगड तेवढी कल्पित, असा निवाडा होईल. भरतकामात मात्र गोष्ट इथे थांबत नाही. आकाशपुष्पातला संबंध शब्दापुरता जोडला जातो आणि शब्दाबरोबरच विरतो. निळ्या पानातला संबंध सुईने जोडला जातो. ते भरून झाल्यावर निळ्या धाग्याचे एक पान कापडावर खरोखरच असते, कोणालाही दिसते, बोटांना लागते. वनस्पती म्हणून ते नाही, पण वस्तू म्हणून आहे. कल्पनेचे वस्तूत असे रूपांतर झाले की तिच्या बऱ्यावाईटाचा भार ती करणाऱ्याच्या हातावर येतो. रंग आणि टाका निवडण्याचा प्रश्न म्हणूनच केवळ आवडीनिवडीचा राहत नाही.

हिमाचल प्रदेशातील रावीकाठच्या चंबा गावाचे रुमाल हे याचे उत्तम उदाहरण. 18व्या आणि 19व्या शतकांत या कलेला मोठा बहर आला. रुमाल म्हणजे इथे खिशातला रुमाल नव्हे. देवापुढच्या नैवेद्यावर किंवा लग्नातल्या देण्याघेण्याच्या ताटावर झाकायचे ते चौकोनी वस्त्र. हातमागावरचे तलम सुती कापड आणि त्यावर बिनपिळाचे रेशीम एवढाच त्याचा सरंजाम. राजघराण्याच्या आश्रयाने झालेल्या रुमालांत पहाडी लघुचित्रे काढणारे चित्रकार कापडावर कुंचल्याने रेखाटन करून देत आणि राजवाड्यातल्या व प्रतिष्ठित घरांतल्या स्त्रिया ते भरत. विषय बहुधा वैष्णव: रासमंडल, गोधूलिवेळी परतणारी गुरे, कृष्ण-रुक्मिणीचा विवाह. त्यांच्याबरोबर अष्टनायिका, शिकार आणि सोंगट्यांचा पटही येतो. रासाच्या रुमालात मध्यभागी देव, भोवती कृष्ण आणि गोपी यांचे कडे, आणि मोकळ्या जागी सुरू, केळी, लवलेल्या फांद्यांची झाडे, फुललेल्या वेली. याच कलेचा दुसरा प्रवाह लोककलेचा. त्यात रेखाटनही स्त्रियांचेच असते, प्रमाणाची फिकीर नसते आणि रंग भडक, निःसंकोच असतात.

या रुमालांवरचे वन वृंदावन आहे. वृंदावन यमुनेकाठी, व्रजाच्या सपाट मुलखात. चंबा हिमालयाच्या डोंगरउतारावर. वृंदावन डोळ्यांनी पाहण्याचा योग ज्यांना आला अशा स्त्रिया त्या काळी थोड्याच असणार. पाहिलेल्या रानाची नक्कल करण्याचा दावा या रुमालांत नाहीच. असे असूनही त्याला मनोराज्य म्हणणे भाविकाला मान्य होणार नाही, आणि इथे प्रश्नाची धार्मिक बाजू पुढे येते. वैष्णव विचारात, विशेषतः चैतन्य परंपरेत, भूतलावरच्या वृंदावनापलीकडे एक नित्य वृंदावन मानलेले आहे. त्या परंपरेला प्रमाण असलेल्या ब्रह्मसंहितेत तिथली भूमी चिंतामणीची आणि वृक्ष कल्पतरू म्हणून वर्णिले आहेत. अशा झाडाचे पान कोणत्या रंगाचे असावे? व्रजातल्या कदंबाचा हिरवा तिथे पुरेसा पडत नाही. एका दृष्टीने ज्याचे मूळ कुठेच नाही ते पान दुसऱ्या दृष्टीने अशा मुळाचे आहे जे कोणत्याही दिसणाऱ्या झाडाहून अधिक खरे आहे. पहिल्या दृष्टीत भरणारी स्त्री निर्माती ठरते, दुसरीत साधक. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की सुई हातात घेतल्यावर दोघींना एकाच काटेकोरपणे वागावे लागते.

रसविचारात या वादाला तोंड फोडले ते शंकुकाने. नवव्या शतकातला हा विचारवंत. त्याचा ग्रंथ हरवला, मते उरली ती अभिनवगुप्ताच्या अभिनवभारतीमुळे. नट रामाचे सोंग घेतो तेव्हा प्रेक्षकाला होणारे ज्ञान कोणत्या जातीचे, हा त्याचा प्रश्न होता. हा रामच आहे, असे यथार्थ ज्ञान ते नव्हे. हा राम आहे असे वाटून नंतर खोटे ठरणारे मिथ्याज्ञानही ते नव्हे. राम असेल की नसेल, असा संशय तिथे नसतो आणि हा रामासारखा आहे, अशी तुलनाही मनात चाललेली नसते. चित्रातला घोडा पाहून आपण सहज घोडा म्हणतो, तसे हे पाचवे, निराळे ज्ञान आहे. याला चित्रतुरगन्याय म्हणतात. कल्पित वनाचे पहिले सत्य इथे हाती लागते. रुमालावरच्या झाडाला झाड म्हणणारा फसलेला नसतो आणि फसवतही नसतो. खरेखोटे ठरवण्याची नेहमीची कसोटी त्या प्रतीतीला लागूच होत नाही.

अभिनवगुप्ताचे गुरू भट्टतोत यांनी शंकुकाला विरोध केला, आणि त्यांचा मुद्दा धागे निवडणाऱ्याला जास्त उपयोगी आहे. दिव्याच्या उजेडात जशी खरी गाय दिसू लागते तशी काही शेंदूर, हरताळ वगैरे रंगांतून गाय प्रकट होत नाही, असे ते म्हणतात. ते रंग एका विशिष्ट मांडणीत बसवलेले असतात आणि ती मांडणी गाईच्या अवयवांच्या मांडणीशी जुळते, इतकेच. म्हणजे जे दिसते ते मांडणीचे काम. हा विचार कल्पित वनापर्यंत नेला तर मात्र अडतो, कारण गाय जगात आहे. कल्पतरू कुणाच्या अंगणात नाही. त्याची मांडणी कशाशी जुळवायची? उत्तर असे दिसते, की ती आतल्या आत जुळवायची: पान फांदीशी, फांदी खोडाशी, झाड शेजारच्या झाडाशी आणि सगळे वन त्यात जे घडते आहे त्याच्याशी. क्षेमेंद्राने काव्याचा प्राण म्हणून जे औचित्य सांगितले ते याच जातीचे. मूळ वस्तू नसते तिथे औचित्य हीच कसोटी उरते, आणि ती नकलेच्या कसोटीपेक्षा कडक आहे. कारण चुकलेल्या पानाला अमुक झाडाचे पान असेच असते, असे सांगून सोडवता येत नाही.

रंगांचे औचित्य ठरवताना भारतीय परंपरेने भावनेपासून सुरुवात केली. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात प्रत्येक रसाला एक वर्ण आणि एक देवता दिली आहे. शृंगार श्याम, हास्य पांढरा, करुण पारव्याच्या रंगाचा, रौद्र तांबडा, वीर गोरा, भयानक काळा, बीभत्स निळा, अद्भुत पिवळा. शृंगाराची देवता विष्णू, अद्भुताची ब्रह्मा. ही यादी भरतकामाचे कोष्टक म्हणून वापरली तर फसगत होईल. बीभत्साचा निळा आणि कृष्णाच्या अंगाचा निळा धाग्याच्या एकाच लडीतून निघू शकतात. तिचा खरा उपयोग वेगळा आहे. रंग प्रथम वस्तूचा गुण नसून प्रसंगाचा गुण असू शकतो, ही मोकळीक ती देते. रासाचे वन शरद-पौर्णिमेच्या रात्रीचे आहे आणि रस शृंगार आहे, म्हणून तिथे सगळी झाडे गडद, श्यामल घ्यायची हे प्रथमदर्शनी ठीक वाटते. पण नायकही श्यामच. झाड आणि कृष्ण एकाच छटेत गेले तर नृत्याच्या कड्यातून नेमका कृष्ण हरवतो. मग पानांत पिवळसर हिरवा किंवा गेरू आणावा लागतो, पितांबराचा पिवळा आधीच्या पिवळ्याहून तेजस्वी करावा लागतो, आणि एका पानाचा निर्णय सगळ्या वनभर पसरतो.

विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्र या बाबतीत फार समंजस आहे. ते मूळ रंग पाच सांगते आणि मिश्ररंगांची संख्या मोजण्यापलीकडची ठरवून निवड करणाऱ्याच्या बुद्धीवर सोडते. वन कसे दाखवावे हे सांगतानाही त्याचा भर एका झाडाच्या हुबेहूबपणावर नाही. नाना जातींचे वृक्ष, पक्षी, श्वापदे यांच्या गर्दीतून वन ओळखू यावे. वसंत फुललेल्या झाडांतून, भुंग्यांतून आणि आनंदलेल्या माणसांतून दिसावा. ग्रीष्म सावलीला आलेल्या जनावरांतून आणि चिखलात बसलेल्या म्हशींतून. झाडाचा ऋतू त्याच्या सावलीत कोण आहे यावरून कळतो, ही सूचना कल्पित वनाला तंतोतंत लागू पडते. निळ्या पानांखाली गाय निवांत बसलेली असली की पाहणारा पानाच्या रंगाबद्दल तक्रार करत नाही.

हिरव्या रंगाची एक व्यावहारिक हकीकत इथे नोंदवली पाहिजे. वनस्पतिजन्य रंगांच्या काळात टिकाऊ हिरवा एकाच रंगद्रव्यातून मिळत नसे. सूत एकदा निळीत आणि एकदा पिवळ्या रंगात बुडवून तो साधावा लागे. पिवळा उजेडाने लवकर उडतो, नीळ टिकते. युरोपातल्या जुन्या विणीव भिंतपडद्यांवरची कितीतरी राने यामुळेच आज निळी दिसतात. विणणाऱ्याने हिरवेच विणले होते, काळाने त्यांना अद्भुत केले. दिसणाऱ्या झाडाशी इमान राखणारा हिरवासुद्धा दोन रंगांची तात्पुरती सोबत होता, हे कळल्यावर पाहिलेले वन आणि कल्पिलेले वन यांच्यामधली भिंत वाटते तितकी जाड राहत नाही.

अनेक रंगांच्या धाग्यांनी भरलेल्या पटाचा स्वतःचा रंग कोणता? हा प्रश्न न्याय-वैशेषिकांनी इतक्या गांभीर्याने घेतला की त्यातून रंगांच्या यादीत एक भर पडली. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात रूपाचे सात प्रकार दिले आहेत: शुक्ल, नील, पीत, रक्त, हरित, कपिश आणि चित्र. सातवा चित्र म्हणजे संमिश्र, रंगीबेरंगी असा एक स्वतंत्र रंग. त्यामागचा युक्तिवाद असा: पट हा धाग्यांचा ढीग नव्हे, धाग्यांपासून निर्माण झालेले एक नवे द्रव्य आहे. ते डोळ्यांना दिसते, म्हणजे त्याला रूप असलेच पाहिजे. रूप आपल्या आश्रयाला पूर्ण व्यापते, म्हणून तो पट एकाच वेळी सबंध तांबडा आणि सबंध निळा असू शकत नाही. तेव्हा त्याचा रंग चित्र हाच. नव्यन्यायाचा धुरंधर रघुनाथ शिरोमणी याला हे पटले नाही. रंग आश्रयाचा काही भागच व्यापतो असे मानले की सातवा रंग मानण्याची गरज उरत नाही, असे त्याचे म्हणणे. दोघांचेही तर्क बळकट आहेत. भरतकामाचा अनुभव मात्र पहिल्या पक्षाकडे झुकतो. हिरव्या वनात एक तांबडे फूल भरले की त्या फुलापासून दूर असलेला हिरवाही बदलल्यासारखा दिसतो. पॅरिसच्या गोब्लँ विणकामशाळेत रंगविभागाचा प्रमुख असलेल्या शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाने हाच अनुभव शास्त्रात आणला. तिथल्या काळ्या लोकरीचा रंग फिका पडतो अशी तक्रार होती. तपासल्यावर दोष रंगात नसून शेजारच्या धाग्यांच्या रंगांत निघाला, आणि 1839 मध्ये त्याने रंगांच्या परस्पर-विरोधाचा नियम ग्रंथरूपाने मांडला. धाग्याचा रंग लडीत असताना एक आणि पटात गेल्यावर दुसरा असतो. म्हणून कल्पित वनाचे धागे सुटे पाहून निवडणे व्यर्थ आहे; ते कापडावर एकमेकांशेजारी ठेवूनच निवडावे लागतात. सातवा रंग आधी मनात यावा आणि त्याच्यासाठी बाकीचे सहा गोळा करावेत, हा क्रम खरा.

टाक्याचा विचार रंगापासून तोडता येत नाही. बिनपिळाचे रेशीम ज्या दिशेने पडते त्या दिशेने उजेड परतवते. पानाच्या मधल्या शिरेपासून एका बाजूला डावीकडे आणि दुसऱ्या बाजूला उजवीकडे तिरपे टाके घातले की एकाच लडीतून उजळ आणि सावळ्या अशा दोन छटा मिळतात. पंजाबच्या फुलकारीत हेच रेशीम कधी उभे, कधी आडवे भरून एका रंगात अशी नक्षी खेळवतात. वाऱ्याने हलणाऱ्या लाटा, ज्वाळा, धूर आणि पताका जो काढू शकतो तोच जाणता चित्रकार, असे चित्रसूत्र म्हणते. सुईला हे हलणे टाक्याच्या दिशेतून आणावे लागते. खोडाला देठाच्या टाक्याचा पीळ, शेवाळाला गाठीच्या टाक्याचा खडबडीतपणा, दूरच्या झाडीला नुसता धावदोरा, वेलीला साखळी: यांतली प्रत्येक निवड त्या वनात वारा किती, ओल किती आणि अंतर किती हे सांगते. कल्पित वनाला हवामान असते ते टाक्यांमुळे.

चंबा रुमालाचा टाका याहून पुढे जातो. त्याला दोरुखा म्हणतात. भरीव टाका एकदा पुढून आणि एकदा मागून अशा रीतीने आलटूनपालटून घातला जातो, त्यामुळे कापडाच्या दोन्ही अंगांना आकृती सारखीच भरते. गाठ कुठे दिसत नाही, धाग्याची टोके टाक्यांतच लपवलेली असतात, उलट बाजू अशी उरतच नाही. कर्नाटकातल्या कशिद्याच्या गवंती आणि मुरगी टाक्यांतही दोन्ही बाजू सारख्या येतात. इरकली लुगड्यावर तो कशिदा महाराष्ट्रातल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला आहे. पैठणीच्या पदरावरचे मोर आणि असावलीच्या वेलीही दोन्हीकडून सारख्या दिसतात, पण ते विणकरीचे काम.

या दुहेरी टाक्याचा अर्थ वेदान्ताच्या एका प्रसिद्ध दृष्टांताशेजारी ठेवला की उलगडतो. चौदाव्या शतकातल्या विद्यारण्यांच्या पंचदशीचे सहावे प्रकरण चित्रदीप. चित्रपटाच्या चार अवस्था तिथे दिल्या आहेत: धुतलेले कापड, खळ देऊन घोटलेले कापड, रेखाटन केलेले कापड आणि रंगवलेले कापड. त्याच क्रमाने परमात्म्याच्या चार अवस्था: शुद्ध चैतन्य, अंतर्यामी, सूत्रात्मा आणि विराट. चित्रातल्या माणसांच्या अंगावर रंगवलेली वस्त्रे असतात. ती वस्त्रासारखी भासतात, खरे वस्त्र मात्र ज्यावर चित्र काढले ते एकच. जीवांचे चैतन्य तसे भासमान आणि आधारभूत चैतन्य एकच, असा दृष्टांताचा रोख. रंगवलेल्या पटासाठी तो निर्दोष आहे. भरलेल्या पटावर मात्र तो थोडा हलतो. तिथे गोपीची ओढणी रंगाची नसते, धाग्याची असते. भासमान वस्त्रही खरोखर सूतच. शिवाय दोरुख्यात तो धागा आधाराच्या आरपार जातो आणि पलीकडे तेच रूप घेऊन उभा राहतो. आधार खरा आणि वरचे वन भास, अशी विभागणी करायला उलटी, कोरी बाजू लागते. तीच इथे नाही.

मराठी वाचकाला इथे ज्ञानदेवांची आठवण होईल. ज्ञानेश्वरीच्या पंधराव्या अध्यायात संसाररूपी अश्वत्थाचे मिथ्यापण त्यांनी विस्ताराने दाखवले हे खरे. पण अमृतानुभवाच्या सातव्या प्रकरणात ते अज्ञानाचेच खंडन करतात आणि जग हा चैतन्याचा विलास आहे या निष्कर्षाला येतात. जग पुसल्यावर सत्य उरते असे नाही, जग हीच सत्याची शोभा. कल्पित वनाच्या प्रश्नाला ही भूमिका सर्वांत जवळची वाटते. नैयायिकाने सांगितलेला घटकांचा खरेपणा, शंकुकाची निराळी प्रतीती, सातवा रंग, हे सगळे त्या निळ्या पानाला अंशतः न्याय देतात. दोरुखा टाक्याने भरलेले पान मात्र ज्ञानदेवांच्या बाजूने साक्ष देते: ज्या धाग्याने ते पान झाले तो पाहणाऱ्यापासून काहीच लपवत नाही, आणि लपवण्यासारखे मागे काही ठेवतही नाही.

नैवेद्यावर झाकताना आणि उचलताना रुमालाच्या दोन्ही बाजू नजरेस येत. आज जुने रुमाल चंब्याच्या 1908 मध्ये स्थापन झालेल्या भूरी सिंह संग्रहालयात आणि देशविदेशांतल्या इतर संग्रहांत आहेत, आणि नवे रुमालही पुन्हा भरले जाऊ लागले आहेत. नवा रुमाल विकत घेणारे बहुतेकदा तो चौकटीत बसवून भिंतीवर लावतात, म्हणजे अर्धे काम भिंतीकडे तोंड करून राहते. दोन काचांमध्ये बसवून तो दोन्हीकडून पाहता येईल असा ठेवणे अवघड नाही. संग्रहालयांनी आणि घरात रुमाल बाळगणाऱ्यांनी ते अवश्य करावे.